समुद्र दोन गल्ल्यांवर, स्वयंपाकघरासह

ऑगस्टात सास्सुओलोच्या टाइल्स-कारखान्यांच्या भट्ट्या विझतात आणि गाव ओस पडतं. गाद्या, छत्र्या, पोरं आणि सासवा गाडीत कोंबून जो तो समुद्राकडे धावतो. कुठे उतरायचं याचा कुणी फारसा विचार करत नाही. गेल्या वर्षी जिथे उतरलो तिथेच. एर्सिलिया बोन्फान्तीचं कुटुंबही लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यापासून समुद्रकाठच्या इजेआ मारीनाला देर्नाच्या पेन्सिओनेत, म्हणजे राहण्याजेवणाच्या छोट्या घरगुती हॉटेलात, उतरत आलं होतं. वर दोन खोल्या, खाली जेवणघरात खिडकीजवळचं टेबल, सकाळी कॉफी, दुपारी सूप नाहीतर शेवया, मग मासळी, मग फळं, रात्री पुन्हा तेच. निघायच्या दिवशी एर्सिलियाचा नवरा लेआर्को देर्नाचा हात हातात घेऊन "पुढच्या वर्षी" म्हणायचा आणि देर्नाही "पुढच्या वर्षी" म्हणायची. एवढ्यावर खोल्या ठरायच्या. चिठ्ठी ना चपाटी.

एर्सिलियाबद्दल सांगण्यासारखं काय आहे, असं तिलाच विचारलंत तर ती म्हणेल, काही नाही. डोंगरातल्या खेड्यातून लग्न होऊन आलेली बाई. कारखान्यात टाइल्स निवडायच्या सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहते. चिरलेली टाइल एका बाजूला, रंग फसलेली दुसऱ्या बाजूला. घरी आली की कोट काढायच्या आधी चुलीवर पाणी चढवते. सासूबाई आर्जिया यांना पास्ता घरी लाटलेलाच लागतो, दुकानातला म्हणजे त्यांच्या मते पुठ्ठा. मुलगा लोरिस सतरा वर्षांचा, त्याला दिवसातून तीनदा भूक लागते आणि तिन्ही वेळा तो दार आपटून येतो. मुलगी मिर्ना चौदाची. आणि लेआर्को भट्टीवरचा माणूस. दारू पीत नाही, हात उगारत नाही, गावात कुणी त्याला नावं ठेवत नाही. फक्त ताट आपोआप समोर येतं अशी त्याची बालपणापासून समजूत आहे, आणि ती दूर करायची गरज कुणाला वाटली नाही.

दुसऱ्या कुणी वाढलेलं ताट एर्सिलियाच्या पुढ्यात यायचं ते वर्षातून एकदा, देर्नाच्या जेवणघरात. समुद्राचं तिला खरं तर काही नव्हतं. पाणी खारट, वाळू चिकट. ती छत्रीखाली बसायची ती कान जेवणाच्या घंटेकडे लावून. आज काय असेल, हे माहीत नसण्याचं सुख तिला वर्षभर पुरायचं. हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर घरच्यांना वाटलं असतं, हिला आपल्या घरात काहीतरी दुःख आहे. तसं नव्हतं. तिला फक्त ते दोन आठवडे हवे होते.

एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये एका रविवारी जेवण आटोपल्यावर लेआर्कोने खिशातून एक रंगीत छापील कागद काढून टेबलावर ठेवला आणि तळहाताने चार वेळा सपाट केला. इजेआ मारीनातच नवी इमारत झाली होती. समुद्रापासून दोन गल्ल्यांवर, तिसरा मजला, बाल्कनी, सुट्टीपुरता भाड्याने सबंध फ्लॅट. भट्टीवरचे निम्मे लोक यंदा असाच घेणार होते. ठरवण्याआधी त्याने सगळ्यांना विचारलं होतं, हे मात्र खरं. लोरिसला रात्री उशिरा परतलं तरी देर्नाबाईच्या चपलांचा आवाज ऐकू येणार नाही अशी जागा हवी होती. मिर्नाला बाल्कनी हवी होती. आर्जियाबाईंना देर्नाचं सूप पातळ लागायचं. सगळ्यांचं सगळं त्या एका फ्लॅटमध्ये बसत होतं. मग लेआर्को बायकोकडे वळला. त्याचा चेहरा वाढदिवसाची भेट देणाऱ्या माणसासारखा फुलला होता.

"आणि तुझ्यासाठी तर खास," तो म्हणाला, "स्वयंपाकघर आहे. चार शेगड्या, फ्रिज, सगळं नवंकोरं. आता परक्याच्या हातचं खायला नको. आपल्या घरी असल्यासारखं वाटेल तुला."

एर्सिलियाच्या हातात कॉफीचे कप होते. ते तिने खाली ठेवले, नाहीतर पडले असते. आपल्याला नीट ऐकू आलं नाही असं तिला पहिल्यांदा वाटलं. मग नीट ऐकू आलंय हे कळलं. ती आ वासून त्या कागदावरच्या पांढऱ्याशुभ्र ओट्याकडे बघत राहिली. बघा, बिचारीला शब्द सुचत नाहीत, असं सासूबाई म्हणाल्या, आणि सगळे कौतुकाने हसले. एखाद्या माणसावर इतका मोठा घाव घालून त्याच्या रक्ताला आनंदाश्रू समजावं, हे फक्त घरच्यांनाच जमतं.

तिने देर्नाचं काय असं विचारलं, तेव्हा लेआर्को म्हणाला, कळवतो. कळवलं मात्र नाही. देर्नाला नाही म्हणायचं म्हणजे तिच्या डोळ्यांत बघून म्हणायला हवं. फोनवर तर ती आणखीच मोठी व्हायची. हा माणूस हजार अंशांच्या भट्टीत वाकून बघतो, पण एका बुटक्या विधवेला फोन करायची त्याची छाती झाली नाही. तिच्याकडे लोकांची रीघ असते, देईल कुणालातरी, असं तो जुलैभर स्वतःलाच सांगत राहिला.

आणि मग हे लोक त्याच गावी गेले. दुसऱ्या गावी फ्लॅट घ्यावा हे कुणाला सुचलंच नाही, कारण समुद्र म्हटला की आमच्या माणसाला आपलाच समुद्र लागतो. परिणाम असा की सुट्टीचा पहिला दिवस लपाछपीत गेला. देर्नाची गल्ली टाळून मागच्या गल्लीतून किनाऱ्यावर जायचं. नेहमीच्या हिरव्या छत्र्यांकडे फिरकायचं नाही, दूरच्या लाल छत्र्यांखाली बसायचं. लेआर्कोने गवती टोपी नाकापर्यंत ओढली होती. लोरिस म्हणाला, पप्पा, आपण बँक लुटून आलोय का. तर बापाने त्याला गप्प बस म्हणून दटावलं.

एर्सिलियाला टोपीची गरज नव्हती, ती किनाऱ्यावर दिसतच नव्हती. फ्लॅटमधली भांडी पहिल्या दिवशी तिने घासूनपुसून लावली आणि पुरेनात म्हणून आणखी दोन विकत आणली. समुद्रावरून आलेल्या माणसाला घरच्यापेक्षा दुप्पट भूक लागते, हे तिला आजवर माहीत नव्हतं. देर्नाला माहीत असणार. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी लाटलेला पास्ता मागितला. लाटणं आणलं नव्हतं, म्हणून तिने वाइनच्या रिकाम्या बाटलीने लाटला. शेगड्या चारही पेटायच्या आणि खिडकी पश्चिमेला होती. दुपारचं आवरून हात पुसेपर्यंत कुणीतरी ओला टॉवेल टाकत विचारायचं, रात्री काय आहे? तिला रडू यायचं ते कांद्यावर भागवून घ्यायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती मासळीबाजारात गेली आणि शिंपल्यांच्या ढिगापलीकडे तिला देर्नाची पाठ दिसली. एर्सिलिया चटकन एका कनातीमागे झाली. कनातीमागे उभं राहिल्यावर मात्र तिची तिलाच लाज वाटली. बेचाळीस वर्षांची बाई, कुणाचं काही न घेतलेली, आणि चोरासारखी लपतेय. ती बाहेर आली. देर्नाने वळून पाहिलं, हातातली पिशवी सोडली आणि छातीवर क्रूस काढला.

"जिवंत आहात," ती म्हणाली. "देवा, जिवंत आहात तुम्ही."

सास्सुओलोच्या घरी फोन केले होते तिने, कुणी उचलत नव्हतं. रस्त्यात अपघात झाला असणार असं ती धरून चालली होती. रोज दोन्ही वेळा टेबल मांडत होती, पाच ताटं, पाच पेले, आणि जशीच्या तशी उचलत होती. दारात आलेल्या एका जर्मन कुटुंबाला तिने दोनदा परत पाठवलं होतं. शेवटी आज सकाळी खोल्या दिल्या आणि देऊन झाल्यावर मेणबत्ती लावायला चर्चमध्ये गेली होती. हे ऐकताना एर्सिलियाला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आम्ही मेलो म्हणून ही बाई मेणबत्ती लावते, आणि आम्ही दोन गल्ल्या पलीकडे शेवया खातोय.

तिला काही सांगावं लागलं नाही. देर्नाची नजर तिच्या टोपलीकडे गेली. अंडी, मैदा, शिंपले, पाच जणांपुरती पार्सली. देर्ना त्या टोपलीकडे बघतच राहिली. एर्सिलिया आता शिव्या ऐकायच्या तयारीने उभी होती. इतक्या वर्षांची गिऱ्हाइकं पळाली, नव्या फ्लॅटांनी धंदा बसवला, तिने काहीही म्हटलं असतं तरी शोभलं असतं.

"तुम्ही स्वयंपाक करताय?" देर्नाने हळूच विचारलं. "इथे? ऑगस्टात?"

एर्सिलियाने मान हलवली.

"सिन्योरा एर्सिलिया, मी नोव्हेंबरात गरम पाण्याच्या झऱ्यांवर जाते ना, तेव्हा पाण्याचा पेलासुद्धा स्वतः भरत नाही. त्यावर मी पुढचा उन्हाळा काढते. आणि तुम्ही," ती थांबली. खोल्या गेल्याचं, फसवल्याचं ती एक अक्षर बोलली नाही. तिला धक्का बसला होता तो टोपलीचा. तिने ती एर्सिलियाच्या हातातून काढून घेतली आणि पुढे चालू लागली. एर्सिलिया मागोमाग गेली. टोपली तिकडे चालली होती म्हणून गेली, असं ती नंतर सांगायची.

खिडकीजवळचं टेबल अजून मांडलेलं होतं. देर्नाने चार ताटं उचलली, पाचवं राहू दिलं. घंटा झाली, लोक आले, ओळखीच्यांनी माना हलवल्या. आधी सुपातला पासातेल्ली आला, पावाच्या चुऱ्याच्या जाड शेवयांचा, गरम, वर किसलेलं चीज विरघळत असलेला. एर्सिलियाने पहिला चमचा घेतला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी सूपमध्येच पडलं. तिने पुसलं नाही, खात राहिली. घरी काही कळवलेलं नाही, चुलीवर काही चढलेलं नाही, हे तिला आठवत होतं. आठवत असूनही आपण बसून आहोत याचंच तिला नवल वाटत होतं.

तळलेली मासळी आली तेव्हा किनाऱ्यावरचे कर्णे खरखरले. खांबांवरचे ते कर्णे दिवसभर आइस्क्रीमच्या जाहिराती करतात आणि हरवलेल्या पोरांची वर्णनं सांगतात. उघड्या खिडकीतून शब्दन् शब्द आत येत होता.

"लक्ष द्या, लक्ष द्या. सास्सुओलोच्या एर्सिलिया बोन्फान्ती सकाळपासून हरवल्या आहेत. वय बेचाळीस, निळा फुलाफुलांचा झगा, हातात बाजाराची टोपली. कुणाला सापडल्यास लाल छत्र्यांपाशी आणून सोडावे. घरचे जेवायला थांबले आहेत."

जेवणघरात काटे-चमचे थांबले. सगळ्यांनी निळ्या फुलाफुलांच्या झग्याकडे पाहिलं. एर्सिलियाच्या कानशिलांपर्यंत आग आग झाली. नाव सांगा, वय सांगा, झगा सांगा, ते सगळं तिने गिळलं असतं. पण ते शेवटचं वाक्य भर समुद्रकिनाऱ्यावर कर्ण्यातून सांगितलं गेलं होतं आणि ते सांगताना कुणाचीच जीभ अडखळली नव्हती. शेजारच्या टेबलावरचा बोलोन्याचा न्हावी, दरवर्षीचा, घसा खाकरून म्हणाला, "सिन्योरा, तुम्ही हरवलात वाटतं."

"हो," एर्सिलिया म्हणाली. "जरा ते लिंबू इकडे देता?"

कर्ण्याने तीच घोषणा पुन्हा केली. फळं आली, पीचच्या फोडी, वाइनमध्ये बुडवलेल्या. कॉफी यायच्या बेताला दार उघडलं आणि लेआर्को आत आला. त्याने तीन दिवस टाळलेलं दार शेवटी त्यालाच उघडावं लागलं. पोहण्याच्या चड्डीवर बनियन, एका पायात चप्पल, चेहरा पांढराफटक. बाकीचं सगळं गाव शोधून झालं होतं, जीवरक्षकाने होडी काढली होती. हा माणूस खरोखर रडलेला होता, ते दिसत होतं. त्याने बायकोला पाहिलं, भिंतीला हात टेकला, आणि त्याच्या तोंडून निघालं ते असं:

"आम्ही अजून जेवलो नाही."

म्हणून झाल्यावर तो स्वतःच हबकला. त्याला ते म्हणायचं नव्हतं. तू बुडालीस असं वाटलं मला, असं म्हणायचं होतं. पण आयुष्यभर बायकोशी बोलायला हेच एक वाक्य हाताशी ठेवल्यावर ऐन वेळी दुसरं कुठून येणार? देर्नाने कॉफी एर्सिलियापुढे ठेवली आणि लेआर्कोला थंडपणे सांगितलं की बसायला खुर्ची आहे, ताट नाही. मग एर्सिलियाकडे वळून म्हणाली, माळ्यावरची खोली रिकामी आहे, धुणंवाली पोरगी लग्न करून गेली. पलंग एकच, पण रुंद आहे.

एर्सिलियाने कॉफी संपवली आणि नवऱ्याबरोबर फ्लॅटवर निघाली. ठरवलं काहीच नव्हतं. वाटेत लेआर्को सारखा बोलत होता. उद्यापासून रात्री बाहेरून पिझ्झा आणू, म्हणाला. देर्नाची माफी मागतो, म्हणाला. पुढच्या वर्षी पुन्हा तिच्याकडेच. अनवाणी पायाला डांबराचे चटके बसत होते तरी त्याचं लक्ष नव्हतं. एर्सिलियाला त्याची दया आली. तिसरा मजला येईपर्यंत ती जवळजवळ विरघळली होती. फ्लॅटवरच राहू या, असं तिच्या मनात आलं होतं. माणूस घाबरला होता, एवढं पुरे.

लेआर्कोने दार उघडलं. आत लोरिस टेबलाशी बसला होता, काटा ताटावर वाजवत. आर्जियाबाई खुर्ची ओढून ओट्याजवळ बसल्या होत्या. आणि ओट्यापाशी, चारही शेगड्यांच्या धगीत, एर्सिलियाचं एप्रन कमरेशी दोनदा दुमडून, मिर्ना उभी होती. हातात वाइनची बाटली, कोपरापर्यंत पीठ. घामाने केस कपाळाला चिकटलेले. कर्ण्यावर आईचं नाव दोनदा पुकारलं गेलं तोपर्यंत आजीने तिला कामाला लावलंही होतं.

"मम्मा, बघ," मिर्ना म्हणाली. तिचा चेहरा अभिमानाने फुलला होता. "मी केलं. नोन्ना म्हणते माझा हात तुझ्यापेक्षा हलका आहे."

जून महिन्यातला तो कागद, आजचे ते कर्णे, नवऱ्याचं ते वाक्य, यातलं काहीच इतकं आत गेलं नव्हतं. एक बाई उठून गेली तर जागा तासभरसुद्धा रिकामी राहिली नव्हती. आणि पोरीला वाटत होतं, तिला बक्षीस मिळालंय.

"एप्रन काढ," ती म्हणाली.

"पण पाणी उकळलंय."

"उकळू दे. तुझे कपडे घे आणि चल."

सासूबाईंना प्रथम कळेना, कळलं तेव्हा त्यांनी हात वर केले. मे महिन्यात देशाने मतं देऊन घटस्फोटाचा कायदा राखला होता, तेव्हापासून त्यांना प्रत्येक गोष्टीत तोच दिसायचा. म्हणाल्या, ठेवलात ना कायदा, भोगा आता. लोरिसने विचारलं, मग पास्त्यात मीठ कुणी घालायचं? लेआर्को दारातच उभा होता, दुसरी चप्पल शोधल्यासारखा जमिनीकडे बघत.

"जागा मी सगळ्यांसाठी निवडली होती, एर्सिलिया," तो म्हणाला. "प्रत्येकाला विचारून."

"माहीत आहे," ती म्हणाली. "आता आम्हा दोघींसाठी मी निवडते."

मिर्ना सबंध वाट फुरंगटून चालली. आपली लाज काढली, मैत्रिणींना काय सांगू, पास्ता फुकट गेला, नोन्ना रडत असेल. माळ्यावरच्या खोलीचं छप्पर इतकं उतरतं होतं की उभं राहिलं की डोकं लागायचं. बाल्कनी नव्हती. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, आणि एर्सिलिया पलंगाच्या कडेला बसून विचार करत राहिली की आपण केलं ते बरोबर की वेड्यासारखं.

संध्याकाळी घंटा झाली. जर्मन लोक खिडकीजवळ बसले होते, म्हणून देर्नाने या दोघींना दाराशेजारचं लहान टेबल दिलं. सूप आलं. वाफ निघत होती. मिर्नाने चमचा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. ती दाराकडे बघत होती. फुरंगटलेपणा गेला होता, आता तिचा चेहरा काळजीत पडलेल्या मोठ्या बाईचा दिसत होता.

"मम्मा, पप्पा आणि लोरिस जेवले असतील का गं?"

एर्सिलिया दचकली. दुपारपासून तोच प्रश्न तिच्याही डोक्यात होता, अगदी त्याच शब्दांत. हे आपण हिला कधी शिकवलं, तिला आठवेना. कधी शिकवलंच नव्हतं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "गार होतंय. खा."

मिर्नाने आईकडे पाहिलं आणि खायला सुरुवात केली. ती खाऊ लागल्यावरच एर्सिलियाने आपला चमचा उचलला.